इंग्रिडबाईचं लाकडी गाव

"वेशीतून आत," इंग्रिडबाई म्हणाली आणि तिचं बोट लाकडी गावात शिरलं.

बाईचे डोळे गेले होते. म्हणून तिच्या नवऱ्याने, सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटवरच्या जर्मन साहेबाने, तिचं माहेर लाकडात करून मागितलं. नकाशा त्याचा, काम आमच्या यांचं. इसहाकमिस्त्री म्हणजे हर्णैच्या गलबतांवर तयार झालेला हात. इथे तेलाच्या पैशाने रोज नवी यंत्रं उतरायची आणि यांच्या नशिबी त्यांची खोकी फोडणं. साहेब पूर्वी आपल्याकडे राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात होता. बाईचं बोलणं तो हिंदीत सांगत होता.

"इथं मिठाच्या गाड्या अडवून जकात घ्यायचे. ही तटबंदी. शत्रूचा तोफगोळा अजून भिंतीत आहे."

गोळ्याच्या जागी यांनी मिरी बसवली होती. ती लागताच बाई पोरीसारखी हसली.

"आणि विहिरीसमोर चर्चचं दार. लग्न लागल्यावर आम्ही त्याच दारातून चौकात आलो."

बोट भिंतीवरून फिरलं. परत फिरलं.

यांनी दार मागच्या बाजूला, पूर्वेला केलं होतं. नकाशात ते चौकाकडे, पश्चिमेलाच होतं. पण आमचे हे शहाणे! "आपल्या मशिदीचं दार पूर्वेला. आत शिरलं की तोंड पश्चिमेला, मक्केच्या किबल्याकडे. प्रार्थनेच्या घराला पश्चिमेला दार ठेवील कोण? साहेब चुकलाय." मीही वरून फोडणी घातली, "गोऱ्यांना काय कळतं, करा तुम्ही."

बाई पुटपुटली. साहेब म्हणाला, "बोलती है, गाँव भी भूल गई."

यांची मान खाली. मी कोपर मारलं. "सांगा."

"अगो, मागाहून बदलून देतो. आता बोभाटा कशाला?"

"डोळे अल्लानं घेतले तिचे. आता डोकंही गेलं असं वाटू देणार तिला? तुम्ही नाही, तर मी सांगते."

हे उठले. "मॅडम, गलती मेरा. साहब का नक्शा ठीक. आपका याद भी ठीक."

साहेबाने तिला ते सांगितलं. बाईने मान हलवली, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

हे पटाशी घेऊन बसले. दाराची जागा नेमकी कुठली, ते तिनेच दाखवायचं. पण परक्या बाईचा हात धरायला यांना होईना. मग मी धरला. विहिरीसमोर तिचं बोट थांबलं.

"हात काढा म्हणावं, लागेल," हे म्हणाले.

बाईने काढला नाही. यांनी ठोकायची मोगरी बाजूला ठेवली आणि तळहातानेच पटाशी दाबली. पहिला छिलका तिच्या नखावर येऊन पडला.