अंगाखाली दोन, अंगावर एक

‘अंगाखाली दोन, अंगावर एक. आन कोंडीत इस्तू घ्यायचा नाय.’

बानाबाईंनी एवढंच सांगितलं होतं. पहिलं घोंगड्यांबद्दल, दुसरं बंद जागेतल्या निखाऱ्यांबद्दल. मी ‘हो हो मावशी’ म्हणाले आणि दोन्ही गोष्टी कानाआड केल्या. कारण माझ्याकडे यादी होती.

चार पानांची होती ती यादी. माझी मुलगी राजश्री तेव्हा तीन वर्षांची. सासूबाई तिला राजाबाई म्हणतात, मग सगळेच राजा म्हणायला लागले. मागच्या हिवाळ्यात राजाला न्यूमोनिया होऊन गेला होता, तेव्हापासून थंडी हा माझा शत्रू. तरी डिसेंबरात तंबू ठोकून उघड्यावर राहायचं माझ्याच डोक्यात आलं. भीती वाटते म्हणून लेकरू फ्लॅटमध्ये कोंडून ठेवायचं नाही, तयारी करायची आणि जायचं, असं माझं ठरलं होतं. ते आजही बदललेलं नाही.

नवरा बद्रीनाथ वाळूजला कंपनीत आहे. त्याच्या विभागातला मल्हारी म्हणाला, ‘वहिनी, लांब कशाला जाता? दौलताबादच्या पुढं डोंगराखाली आमचं रान आहे. आई तिथंच असते मेंढरं घेऊन. पाणी आहे, विहीर आहे.’ बानाबाई म्हणजे या मल्हारीची आई. जागा बघायला गेलो तेव्हाच त्यांनी ते दोन नियम सांगितले आणि तीन घोंगड्या पुढे केल्या. मी हात लावून पाहिला. जड, खरखरीत, मेंढरांचा वास. माझ्या सॅकमध्ये त्यांना जागा नव्हती.

सामान मी शहरातल्या छावणी भागातल्या जुन्या-नव्या सामानाच्या दुकानातून घेतलं. सॅक निवडताना मी चूक केली नाही. ओझं खांद्यावर नाही, कमरेवर यायला हवं, म्हणून कमरपट्टा रुंद बघितला, आत दहा किलो तांदूळ भरून दुकानातच चार फेऱ्या मारल्या. टॉर्च डोक्याला बांधायची घेतली, हात मोकळे राहतात. झोपायच्या पिशव्या तर शून्याच्या खालच्या थंडीत चालतील अशा. दुकानदाराने जाड फोमची गादी दाखवली. ‘मॅडम, उप्पर का सब पूछते. नीचे का कोई नै पूछता. ठंडी जमीन से आती.’

‘एवढं मोठं भेंडोळं न्यायचं कशात?’ म्हणत मी पातळ चटया उचलल्या. म्हणजे एकच गोष्ट मला दोघांनी दोन भाषांत सांगितली होती.

तंबू आधी घरच्या गच्चीवर लावून पाहिला. हे मात्र प्रत्येकाने करावं. दांड्या कुठे अडकतात, खुंट्या किती, चेन कुठून उघडते, हे रानात उतरल्यावर शिकायचं नसतं. शेजारचे नानासाहेब कपडे वाळत घालता घालता म्हणाले, ‘काय हो, भाडेकरू ठेवला का गच्चीवर?’

सासूबाई द्वारकाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. देवगाव रंगारीच्या, पंचवीस एकरांच्या घरातल्या. ‘तीन खोल्या सोडून कापडात झोपायला निघाली ही. आमच्यात याला बेघर म्हणायचे.’

‘तुम्ही येऊ नका मग, आत्याबाई.’

‘माझी राजाबाई जाणार आन मी नाय? व्हय, तुझ्या भरवशावर!’

त्यांचा टोमणा म्हणजे आमच्या घरातलं घड्याळ. दर दहा मिनिटांनी एक. तो चालू आहे म्हणजे घर ठीक चाललंय.

शनिवारी दुपारी पोचलो. तंबू मी सखल जागेत लावला, बांधाच्या आडोशाला, वारं लागू नये म्हणून. पलीकडच्या गव्हाला सकाळीच पाणी दिलं होतं. डोंगरामागे सूर्य गेला आणि हवा अशी बदलली, जसं काही कुणी विहिरीचं झाकण काढलं. साडेसहा वाजले असतील. राजाचे पाय हातात घेतले तर गार. तंबूच्या तळावर तळवा टेकवला तर तोही गार, ओलसर. झोपायची पिशवी वरून कितीही जाड असली तरी अंगाखाली ती दबून कागदासारखी होते, हे मला तेव्हा कळलं.

‘खाली बर्फाची लादी टाकलीय तुझ्या यादीनं,’ आत्याबाई म्हणाल्या. मग उठल्या, गाडीच्या डिकीतून एक गाठोडं घेऊन आल्या आणि सोडलं. आत लोखंडी शेगडी.

फालतू सामान घ्यायचं नाही असं मी तीनदा बजावलं होतं. तरी त्या क्षणी मला ती शेगडी बघून इतका आनंद झाला, की काय सांगू. ती माझ्या ओळखीची होती. माझ्या बाळंतपणात सव्वा महिना ती माझ्या बाजेखाली होती. तिच्यावर ओवा, बाळंतशेपा टाकून मला शेकलं, राजाला धुरी दिली, तिचे लंगोट ऊन केले. माझ्या आईला शेकलं होतं तेही अशाच शेगडीवर. शेगडी म्हणजे ऊब, आणि ऊब म्हणजे बाळ सुरक्षित.

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की काय तयार होतं, ते समीकरण मी परीक्षेत लिहिलंय आणि त्याचे पूर्ण मार्क घेतलेत. पण ते समीकरण वहीत होतं आणि शेगडी घरात होती. दोघांची गाठ कधी पडलीच नव्हती.

बानाबाई मेंढरं वाड्यात घालायला गेल्या होत्या. त्यांच्या चुलीतले निखारे मीच शेगडीत भरले. आणि किती काळजीने भरले! अर्धवट जळलेलं एकही लाकूड घेतलं नाही, धूर नको म्हणून. तंबूचा तळ जळू नये म्हणून खाली विटा ठेवल्या. अंथरुणापासून दोन हात लांब. मग चेन खालपर्यंत ओढली. तंबूच्या माथ्याला दोन झडपा होत्या, त्याही बांधून टाकल्या. आत आत्याबाई आणि राजा, एकाच पिशवीत शिरून. ‘आता कसं,’ आत्याबाई म्हणाल्या, ‘घर झालं.’

मी बाहेर चुलीपाशी भाकरी थापायला बसले. मल्हारी आणि बद्री गाडीच्या बॉनेटवर बसून कंपनीच्या सुपरवायझरची नक्कल करत होते. मी पुन्हा पुन्हा जाऊन बघणारी बाई आहे, एका जागी मला बसवत नाही. दहा मिनिटांनी जाऊन चेन बोटभर उघडली. आत ऊब. पुन्हा दहा मिनिटांनी गेले. राजा गाढ झोपलेली, गालांवर लाली. मला फार बरं वाटलं.

तिसऱ्यांदा गेले, टॉर्च आत धरली.

‘आत्याबाई, भाकरी आणू का?’

‘नको.’

‘बेसन केलंय, गरम आहे.’

‘डोकं जड झालंय. पडू दे.’

मी चेन लावून परत आले. तीन पावलं टाकली आणि थांबले. काहीतरी चुकत होतं. बद्रीला म्हणाले, ‘अहो, आत्याबाई मला काहीच बोलल्या नाहीत.’

‘मग चांगलंय की. नवस कर.’

‘मी बेसन केलंय म्हणाले आणि त्यांनी मिठाबद्दलसुद्धा काही विचारलं नाही.’

तो हसला. मी हसले नाही. तेवढ्यात बानाबाई वाड्याकडून आल्या, हातात बादली. चुलीपाशी वाकल्या आणि तशाच थबकल्या. ‘इस्तू कुनी उपसला?’

‘मी घेतला, मावशी. शेगडीत.’

‘शेगडी कुठंय?’

मी तंबूकडे बोट दाखवलं.

बादली सुटली, पाणी माझ्या पायांवर आलं. साठीची बाई, पण ती धावली तशी मी कधी कुणाला धावताना पाहिलं नाही. कमरेचा विळा काढला आणि तंबूची पाठ वरपासून खालपर्यंत उभी चिरली. मी मागून पोचले आणि त्या फटीतून आत हात घातला. राजाचा दंड हाताला लागला. ओढली. ती आली, पण पिळलेल्या कपड्यासारखी आली. मान खांद्यावर पडली.

मी तिला पोटाशी धरून पदरात गुंडाळायला लागले. हात आपोआपच तसे चालत होते.

‘गुंडाळू नको!’ बानाबाई ओरडल्या. ‘वारं दे तिला! तोंड उघडं ठेव, वर ने, वाऱ्याला धर!’

तीन वर्षं मी एकच ऐकत आले होते, की लेकराला वारं लागू देऊ नको. आणि आता बांधावर चढून, मी माझं लेकरू वाऱ्यासमोर दोन्ही हातांवर धरून उभी होते आणि म्हणत होते, लाग, वाऱ्या, लाग. बद्री आणि मल्हारीने आत्याबाईंना काखेत धरून बाहेर आणलं. त्यांचे पाय जमिनीवर फरफटत होते.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. राजाने आधी ओकारी काढली, माझ्याच अंगावर. मग ती रडली. तिचं ते रडणं आजही माझ्या कानात आहे आणि मला ते तिथून जायला नको आहे.

मल्हारी गाडी चालू करत होता. आत्याबाई बांधाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे उघडले, चिरलेल्या तंबूकडे पाहिलं आणि जड जिभेने म्हणाल्या, ‘नवा तंबू कुनी फाडला गं?’

घड्याळ चालू झालं. बद्री तिथेच खाली बसून रडला.

शहरात पोचायला पाऊण तास लागला. बानाबाई सोबत आल्या, दोन्ही बाजूंच्या काचा खाली ठेवायला लावल्या. वाटेत त्यांनी सांगितलं, एका गारपिटीत त्यांनी कोकरांना गारठा लागू नये म्हणून खोपीला चहूबाजूंनी प्लास्टिक बांधलं आणि आत घमेल्यात इस्तू ठेवला. ‘नऊ कोकरं. सकाळी बघितलं तर एकमेकांवर माना टाकून निजलेली. जळालेलं नाय, धूर नाय, काय नाय. इस्तू गप मारतो, लेकी. धूर तरी खोकायला लावतो.’

दवाखान्यात दोघींना प्राणवायू लावला, रात्रभर ठेवून घेतलं. डॉक्टर तरुण होत्या. ‘शेगडी तंबूत कशी आली?’ त्यांनी विचारलं.

‘माझ्या सुनेच्या बाळंतपणाची हाय,’ आत्याबाई मास्कमागून म्हणाल्या.

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘बाळंतपणात डोकं दुखायचं तुमचं?’

मी ‘नाही’ म्हणणार होते, आणि मग आठवलं. दुखायचं. सव्वा महिना दुखायचं. सगळे म्हणायचे, वारं बाधलं, अजून शेका. आणि राजा? राजा इतकी शांत झोपायची, की नातेवाईक येऊन कौतुक करायचे. किती गुणी पोर, आवाज नाही. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, खोली दहा बाय दहा, दाराला खालून गोधडी लावलेली. फक्त एक खिडकी होती, तिची काच नीट बसायची नाही. आत्याबाई रोज बद्रीला ओरडायच्या, ती खिडकी दुरुस्त कर म्हणून. तो रोज उद्या म्हणायचा. त्याच्या आळसाने आम्हा दोघींना वाचवलं.

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनाही आठवलं असावं. त्या फक्त म्हणाल्या, ‘गावाकडं कौलं होती गं. कौलातून सगळं जातं.’ त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच माफी.

पंधरा दिवसांनी आम्ही परत त्याच रानात गेलो. लोकांनी वेड्यात काढलं. पण राजाने रानाला घाबरावं असं रानाने काहीच केलं नव्हतं, ते मी केलं होतं. या वेळी तंबू वर लावला, मेंढरं बसतात त्या कोरड्या खडकाळ अंगाला. मेंढरू ओल्यात बसत नाही, हे बानाबाईंचं आणखी एक. चीर त्यांनीच घोंगडीच्या धाग्याने शिवली होती, माथ्याशी वीतभर सोडून. ‘एवढं राहू दे. तंबूलाबी नाक पायजे.’ अंगाखाली दोन घोंगड्या, अंगावर एक. शेगडी बाहेर, खडकावर, तिच्याभोवती आम्ही. पहाटे राजा पांघरूण लाथाडून झोपलेली होती, आणि तिचे पाय ऊन होते.

त्याला आता चार हिवाळे झाले. आमच्या कॉलनीतल्या बायका माझ्याकडून सामान नेतात, मी घोंगड्या दिल्याशिवाय तंबू देत नाही. झडपा बांधल्या तर पुढच्या वेळी तंबू मिळणार नाही, हेही सांगते. मला आता कुणाला विचारावं लागत नाही, मी ठामपणे सांगते.

पण तंबू घेऊन जाणारे थोडे. बाळंतीण प्रत्येक इमारतीत असते. शेकायला माझी हरकत नाही, ऊब हवीच. ती बंद खोलीत नको, एवढंच. तुमच्या जिन्यात, तुमच्या नात्यात, यंदाच्या थंडीत कुणी बाळंतपणाला माहेरी आली असेल. खोलीचं दार लावलेलं असेल, खिडकीच्या फटीत कापड कोंबलेलं असेल, आणि सगळे म्हणत असतील, बाळ किती गुणी, रडत नाही. हे पान इथेच ठेवा. जा आणि तिचं दार वाजवा. खिडकी उघडा, शेगडी बाहेर काढा, आणि तिला विचारा, बाई, तुझं डोकं दुखतंय का?