सांडव्याची वाट

झुंबरबाईंनी विळ्याचं टोक गोणीत खुपसलं आणि खाली ओढलं. फाटल्या पोटातून वाळू सांडली, गोणी चपटी झाली आणि तिच्यामागे अडलेलं वीतभर पाणी धरणाचं जादा पाणी सोडणाऱ्या सांडव्याच्या दगडी उंबऱ्यावरून पलीकडे उतरलं. त्यांनी ओचा आणखी वर खोचला आणि दुसऱ्या गोणीकडे सरकल्या. अशा चौऱ्याऐंशी गोण्या होत्या, दोन थरांत, या काठापासून त्या काठापर्यंत.

"काकू! काय करी र्‍हायनी तू?"

भरावावर मोटारसायकल येऊन थांबली. कुंदन होता, त्यांच्या धाकट्या दिराचा मुलगा. गावच्या पाणीवापर संस्थेचा अध्यक्ष तोच, आणि परवा माणसं लावून या गोण्या रचून घेणाराही तोच. सप्टेंबर लागला की उंबरधऱ्याच्या मातीच्या धरणावर दरवर्षी गोण्या चढत. तळं दीड फूट जास्त भरे आणि फेब्रुवारीत कांद्याला एक पाणी जास्तीचं मिळे. आजवर कुणी हरकत घेतली नव्हती.

"तुले दिसत नही का? गोण्या फोडी र्‍हायनू."

"अगं, पण का? आभाळात ढग तरी आहे का एखादा?"

झुंबरबाईंनी वर पाहिलं नाही. ढग नाही हे त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी साडेआठला धरणावरच्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, डोळ्याच्या रेषेत धरायचं आणि तो आकडा धुळ्याच्या कार्यालयाला कळवायचा, हे काम त्या सत्तावीस वर्षं करत होत्या. त्यांच्याआधी चौदा वर्षं त्यांच्या नवऱ्याने केलं होतं. नवरा गेला तेव्हा साहेबांनी विचारलं, जमेल का? त्या म्हणाल्या होत्या, पाणीच तर मोजायचं आहे.

गेल्या हिवाळ्यात स्वप्नील नावाच्या तरुण अभियंत्याने त्यांच्याकडून एकेचाळीस वर्षांचे आकडे उतरवून नेले. आसपासच्या केंद्रांशी ते ताडून पाहिल्यावर तो मुद्दाम गावात आला आणि ओट्यावर बसून त्याने पाऊस कसा बदलत गेलाय ते समजावून सांगितलं. झुंबरबाईंनी ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "साहेब, हे मला माहीत होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं."

"कुंदन, पहिली वीस वर्सं धर," त्या आता म्हणाल्या. "चौदा तुना काकानी, सहा मनी. एका दिवसात शंभर मिलिमीटरवर पाऊस किती वेळा? दोन वेळा. पुढची एकवीस वर्सं धर. अकरा वेळा. वर्साना पाऊस तितलाच शे. पन आते तो दम धरत नही. आठ दिवसांचा एका सकाळी पडून मोकळा होतो."

"यंदा पडेल कशावरून?"

"पडेल असं मी म्हटलंच नाही."

"मग?"

"हा भराव मातीचा आहे. पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं की तो राहत नाही. आणि खाली झिपरूआबाची वस्ती शे. पंचवीस घरं."

कुंदनने इकडे तिकडे पाहिलं. काकूच्या हातातला विळा काढून घेता येत नव्हता. लहानपणी त्याच हाताने त्याला भरवलं होतं. "स्वप्नील साहेबांना विचारू," तो म्हणाला.

"सोमवारी येतो म्हणाले. आज शनवार."

तो मोटारसायकलवर बसला, पण लगेच निघाला नाही. बराच वेळ आरशात स्वतःकडेच बघत राहिला. मग गेला.

दुपारी वस्तीतून झिपरूआबा काठी टेकत वर आले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण गोणी ओढायला बसला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "बाई, उद्या येस का मोठा पाऊस?"

"मी उद्यानं कधीच सांगं नही, आबा. पडी गया का मोजस."

झिपरूआबा हसले आणि पुढची गोणी ओढली. चार वाजता सांडवा मोकळा झाला. झुंबरबाईंच्या तळहातांना फोड आले होते. त्यांनी ते तळ्यात बुडवले, पदराला पुसले आणि घरी गेल्या.

पाऊस आला नाही.

सोमवारी आलेल्या स्वप्नीलने गोण्या पुन्हा रचू दिल्या नाहीत. सप्टेंबर कोरडा गेला, ऑक्टोबरही. रोज साडेआठला झुंबरबाई कुंपणाचं फाटक उघडत, रिकाम्या बाटलीत डोकावत आणि शून्य लिहीत. गिरणीत दळण टाकायला गेल्या की बायकांचं बोलणं थांबे. फेब्रुवारीत कांद्याला शेवटचं पाणी मिळालं नाही. कुंदनच्या शेतातला कांदा लिंबाएवढाच राहिला. त्याची बायको मोहिनी एकदा अंगणात येऊन एवढंच म्हणाली, "काकू, तुमचे आकडे खरे असतील. पण आमचा कांदा पण खरा होता."

त्या रात्री झुंबरबाईंनी भाकरी अर्धीच खाल्ली. दुसऱ्या दिवशी साडेआठला त्या फाटकाशी होत्या.

पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे चारला पाऊस सुरू झाला. पत्र्यावर पडत होता तो थेंबाथेंबाने नव्हे, कुणी घागरी उपड्या कराव्यात तसा. तळं आधीच काठोकाठ होतं. यंदा सांडव्यावर गोण्या कुणी रचल्या नव्हत्या. साडेआठला झुंबरबाई धरणावर पोचल्या तेव्हा छत्रीच्या काड्या उलट्या झाल्या होत्या. त्यांनी माप भरलं आणि ओतलं, पुन्हा भरलं. वीस मिलिमीटरचं ते माप नऊ वेळा काठोकाठ भरलं आणि दहाव्यांदा सातावर थांबलं. एकशे सत्त्याऐंशी. पावसात ओरडून त्यांनी धुळ्याला आकडा दोनदा सांगितला.

मग त्या सांडव्याकडे वळल्या. पाणी उंबऱ्यावरून छातीभर उंचीने जात होतं आणि भरावाच्या माथ्याला हातभर कमी होतं. तिथे कुंदन उभा होता, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन. पाण्याकडे नाही, तो माथ्याच्या त्या हातभर कोरड्या मातीकडे बघत होता. दोघं तासभर तिथेच उभे राहिले. पाणी माथ्याला टेकलं नाही. दहाच्या सुमारास ते उतरू लागलं.

दुपारी ऊन पडलं. वस्तीतल्या खालच्या चार घरांत पाणी शिरलं होतं. चुली विझल्या, दोन शेळ्या वाहून गेल्या. माणसं सगळी होती. झिपरूआबा खाट उन्हात वाळत घालत होते.

संध्याकाळी कुंदन झुंबरबाईंच्या ओट्यावर येऊन बसला. वर्षभरात पहिल्यांदाच.

"काकू, मागच्या सालासारख्या गोण्या आज असत्या तर धरण फुटलं असतं?"

झुंबरबाई तांदूळ निवडत होत्या. गावातल्या बाकी सगळ्यांनी दिवसभर हेच सांगितलं होतं, फुटलंच असतं म्हणून. दुपारी गिरणीवाला तर पाया पडून गेला होता.

"माहीत नही," त्या म्हणाल्या. "कदाचित गोण्याच वाहून गेल्या असत्या. ते कुणी मोजलेलं नाही."

कुंदनने मान वर करून पाहिलं. हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. तो म्हणाला, "आबाच्या घरात पाणी का घुसलं, ते मी पाहिलं आज. सांडव्याचा नाला माझ्या मळ्याजवळ अरुंद झालाय. डाळिंब लावताना मीच भर घातली होती. पाण्याला वाट पुरली नाही, म्हणून ते वस्तीकडे वळलं."

झुंबरबाईंचे हात सुपात थांबले.

"डाळिंबाच्या दोन ओळी येतात नाल्यात. उद्या काढतो. कुणाला सांगितलं नाही अजून, मोहिनीलाही. तू ये फक्त."

सकाळी साडेआठचा आकडा कळवून झुंबरबाई मळ्यात गेल्या. कुंदन कुऱ्हाड घेऊन नाल्यातल्या पहिल्या ओळीशी उभा होता. बांधावर मोहिनी होती, हाताची घडी घालून. तिला कळलं होतं. झाडं नऊ वर्षांची, पेरूएवढी हिरवी फळं धरलेली. झुंबरबाई चिखलातून चालू लागल्या. पहिली ओळ मागे पडली, दुसरी पडली, तिसरी. चौथ्या ओळीच्या खोडांना गाळ आणि काडीकचरा चिकटलेला होता. त्या आणखी पुढे गेल्या आणि पाचव्या ओळीतल्या पहिल्या झाडावर हात ठेवून थांबल्या. त्याचं खोड स्वच्छ होतं.

"अगं काकू, पाणी तर चौथ्या ओळीपर्यंतच ऊनं व्हतं," कुंदन तिथूनच ओरडला.

"हा."

"मग पाचवी कसाले?"

"पुढला पाऊस कितला येई, ते कुणी मोजेल नही." झुंबरबाईंनी हात काढला नाही. कुंदनने एकदा सांडव्याकडे पाहिलं, एकदा मोहिनीकडे. मोहिनीने हाताची घडी सोडली, बांधावरून टोपली उचलली आणि चिखलात उतरून पाचव्या ओळीतली फळं उतरवू लागली.

कुंदन चालत तिथवर आला आणि पाचवीपासून सुरुवात केली.