सात कार्डांचं पाकीट

आठ आठवडे ज्याला दोनशे पावलं चालून येता आलं नाही, तो चष्मेवाला मयताला मात्र सगळ्यांच्या आधी हजर होता. बूट चकचकीत, भांग सरळ, आणि हातात फुलांचा एवढा थोरला गुच्छ की त्यामागे त्याचं तोंडच दिसेना. तेवढं एक बरं झालं, असं वहिनींना वाटलं. गुच्छ प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता, वर स्टेपलरच्या पिना. मेलेल्या माणसालासुद्धा हा गडी कव्हर घातल्याशिवाय काही देईना.

वहिनींनी गुच्छ घेतला, पिना उपटल्या, प्लास्टिक टराटरा फाडलं, त्याचा बोळा करून चष्मेवाल्याच्या हातात दिला आणि नुसती फुलं मिस्त्रींच्या पायाशी ठेवली. वहिनी गप्प असल्या की जपून राहायचं, हे त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वहिनी म्हणजे कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या वहिनी. शाळेत तीन वर्षं गेल्या, त्यातली दोन एकाच इयत्तेत. पण डाग कशाचा, किती दिवसांचा आणि गिऱ्हाईक त्याबद्दल किती खोटं बोलतंय, हे त्या कापड नुसतं हातात घेऊन सांगायच्या. मिस्त्री त्यांचे यजमान. कारखान्यात लेथवर उभं राहून आयुष्य काढलेला माणूस, बोटांच्या रेषांत तेल मुरलेलं. आणि चष्मेवाला म्हणजे मिस्त्रींचा अर्ध्या चड्डीपासूनचा दोस्त. त्याचं चष्म्याचं दुकान पुढच्याच रस्त्याला.

दोघांना वेड एकच, फुटबॉलच्या खेळाडूंची कार्डं. दर रविवारी सकाळी दहाला चष्मेवाला दारात. मग दोघं मोरीत जाऊन हात धुणार आणि एकमेकांना उलटेसुलटे करून दाखवणार. मिस्त्री कपड्याच्या साबणानं चामडी सोलेपर्यंत घासायचे, तरी चष्मेवाला नाक मुरडून आपल्या दुकानातला चिमटा त्यांच्या हातात द्यायचा. मग टेबलावर अल्बम उघडायचे. ज्याच्याकडे जे कार्ड दोनदा आलंय ते डबल. डबल द्यायचं, नसलेलं घ्यायचं, आणि एका गोलकीपरवरून एक वाजेपर्यंत भांडायचं. बायका सवतीच्या नावानं बोटं मोडतात, वहिनी म्हणायच्या, माझी सवत कागदाची आहे, तीन बोटं रुंद. घरात नांदते पण जेवायला मागत नाही, म्हणून ठेवून घेतलीय.

चष्मेवाला प्रत्येक कार्ड प्लास्टिकच्या कव्हरात घालायचा. आवडतं असेल तर दोन कव्हरांत. कार्डाला हात लागला की कार्ड गेलं, हे त्याचं तत्त्व. मिस्त्रींच्या अल्बममध्ये एका म्हाताऱ्या गोलकीपरचं कार्ड होतं, कोपरा मुडपलेला, वर चहाचा डाग. मिस्त्रींचं ते सगळ्यात लाडकं. ते पान आलं की चष्मेवाला बघायचाच नाही. चिमट्यानं पान उलटायचा आणि पुढे जायचा. वहिनींनी ते कितीदा पाहिलं होतं. हसण्यावारी नेलं होतं. तेव्हाच माणूस ओळखायला हवा होता.

तरी चष्मेवाला वाईट माणूस होता म्हणावं, तर तसंही नव्हतं, आणि वहिनींचा खरा संताप तिथेच होता. वाईट माणसावर कोण एवढा राग वाया घालवतो? बारा वर्षांपूर्वी वहिनींना जवळचं दिसेना, तेव्हा मिस्त्रींनी त्यांना दुकानात नेलं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वहिनींना अक्षरं दिसत होती, पण पटकन लागत नव्हती, आणि मागे गिऱ्हाइकं उभी. चष्मेवाल्यानं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि, हा तक्ता जुना झाला म्हणत, तो उलटून मागचा चित्रांचा लावला. छत्री, मासा, किल्ली. वहिनींनी धडाधडा सांगितलं. ह्या गोष्टीबद्दल त्यानं पुढे कधी अवाक्षर काढलं नाही, मिस्त्रींजवळसुद्धा नाही. असा माणूस.

आणि ते पाकीट. नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात दोघांनी मिळून च्युइंगगमची दोन पाकिटं घेतली होती, प्रत्येकात एक च्युइंगगम आणि सात कार्डं. एक तिथल्या तिथे फोडलं. दुसरं ठेवलं. आपल्यातला जो आधी हे गाव सोडून जाईल, त्याच्या निरोपाच्या दिवशी दोघांनी मिळून फोडायचं. तेव्हा दोघांच्याही डोक्यात परदेशची नोकरी होती. कोणीच कुठे गेलं नाही. पाकीट एकेचाळीस वर्षं मिस्त्रींच्या कपाटात राहिलं, आणि त्यात कोण असेल यावर दोघं म्हातारे होईस्तोवर बोलत राहिले. चष्मेवाल्याला त्यात एक डावखुरा खेळाडू हवा होता, जो दोघांनाही जन्मात मिळाला नव्हता.

मिस्त्रींच्या छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. पहिल्या रविवारी चष्मेवाला आला. खोलीच्या दारातच थबकला. मिस्त्री पार चिपाड झाले होते, नाकात नळी, गालाची हाडं वर आलेली. चष्मेवाल्यानं हात धुतले नाहीत, अल्बम काढला नाही. पडून राहा, आराम कर, म्हणाला आणि चपला शोधत निघून गेला. चपला त्याच्या पायातच होत्या.

त्यानंतर तो आला नाही.

वहिनींच्या लेकीनं त्याला फोन केले. एकदा त्याला सर्दी होती, आजाऱ्याला लागेल म्हणाला. एकदा दुकानात माणूस नव्हता. मग उद्या येतो. मग फोन उचलणंच बंद. आणि इकडे मिस्त्री दर रविवारी साडेनऊला टेबल पलंगाशी ओढून घ्यायला लावायचे, त्यावरची धूळ पुसून घ्यायचे आणि स्वतःचे हात ओल्या फडक्यानं पुसून पालथे-उताणे करून वहिनींना दाखवायचे.

"स्वच्छ आहेत ना गं? नाहीतर येऊन बोंबलेल."

चौथ्या रविवारी वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्त्री बंद केली, पदर खोचला आणि त्या थेट दुकानात गेल्या. काचेतून चष्मेवाला दिसला, त्यालाही त्या दिसल्या. त्या आत शिरेपर्यंत तो मागच्या पडद्याआड गेला होता आणि काच घासायचं मशीन सुरू झालं होतं. वहिनींनी आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात काम केलंय. मशीनमध्ये काच आहे की ते नुसतंच फिरतंय, हे त्यांना कुणी सांगायला नको. मशीन रिकामं फिरत होतं. त्या उभ्या राहिल्या. मशीन थांबेना. पडद्याखाली त्याचे बूट दिसत होते. पडदा ओढायला एक हात पुरला असता, पण वहिनींना त्या बुटांचीच लाज वाटली आणि त्या मागे फिरल्या.

घरी मिस्त्रींनी विचारलं, भेटला का. वहिनी म्हणाल्या, दुकान बंद आहे, माल आणायला बाहेरगावी गेलेत. संसाराच्या इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याशी भांडण केलं होतं, अबोला धरला होता, एकदा ताट भिरकावलं होतं; खोटं बोलल्या नव्हत्या. ते पहिलं खोटं त्यांना चष्मेवाल्यासाठी बोलावं लागलं. मिस्त्री हं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना कळलं होतं.

आठव्या रविवारी दहा वाजून गेले, अकरा वाजले. मिस्त्री म्हणाले, कपाटातलं पाकीट काढ. तू बस तिकडे, त्याच्या खुर्चीवर.

वहिनी लाँड्रीतली कात्री आणायला उठल्या, तर मिस्त्रींनी हातानंच नको म्हटलं, नखानं फोड. पाकीट फुटलं तसा जुन्या साखरेचा वास आला. च्युइंगगमची पूड झाली होती. वहिनींनी चष्मा लावला. पहिलं कार्ड हातात घेतलं, अंगठ्याबोटानं, चिमटा नाही न् काही नाही, आणि एकेक अक्षर जुळवत नाव वाचायला लागल्या. निम्मं नाव वाचून होईतो मिस्त्री पुढचं सांगून मोकळे व्हायचे, वर तो कुठल्या पायानं मारायचा तेही. दुसरं. तिसरं. चौथ्याला मिस्त्रींच्या ओठाचा कोपरा हलला. सातवं वाचलं आणि त्यांना हसू आवरेना.

"सगळे डबल गं," ते म्हणाले. "सातच्या सात. एकेक कार्ड आमच्याकडे चार-चारदा आहे. एकेचाळीस वर्षं आम्ही डबल सांभाळले."

हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता पुन्हा हसू. वहिनींनी पाठ चोळली. इतके आठवडे त्या घरात कोणी हसलं नव्हतं. मग मिस्त्री दम घेऊन म्हणाले, त्याला सांग. हसेल.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी ते गेले.

मयताला तीन आठवडे झाले आणि वहिनींनी सात कार्डं एका रुमालात बांधली. रुमालाला त्यांनी मुद्दाम इस्त्री केली. मनात काही शिल्लक ठेवायचं नाही, कार्डं समोर ठेवायची, मिस्त्रींचा निरोप सांगायचा आणि यायचं, एवढंच ठरवून त्या दुकानात गेल्या. ह्या वेळी चष्मेवाला पडद्याआड गेला नाही. डोळे खाली घालून एक काच पुसत होता, ती आधीच स्वच्छ होती. त्यानं खुर्ची पुढे केली. वहिनी बसल्या नाहीत. रुमाल काउंटरवर ठेवला, त्यावर हात ठेवला.

तो मिस्त्रींबद्दल काही बोलेल, अशी त्यांनी वाट पाहिली. शेवटी त्रास झाला का, माझी आठवण काढली का. काहीतरी. परक्यानं केली असती तेवढी तरी चौकशी.

"वहिनी, रागवू नका, पण ते पाकीट कपाटातच आहे ना?" चष्मेवाल्यानं विचारलं. "तिथे ओल येते. मी नीट ठेवीन."

वहिनींनी सांगितलं, फोडलं.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मयताला ज्याच्या डोळ्यांत टिपूस दिसलं नव्हतं, त्याचे डोळे आता भरले, आणि ते पाकिटासाठी.

"दोघांनी मिळून फोडायचं ठरलं होतं," तो म्हणाला. "ठरलं होतं आमचं."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. ती नजर त्याला सोसेना आणि तो बोलायला लागला. म्हणाला, तो आजारी पडायच्या आधीचा रविवार मला जसाच्या तसा आठवतो. निळा सदरा घातला होता, माझ्यावर ओरडत होता, टेबलावर डबल आपटत होता. मला तो तसाच हवा होता. त्या पलंगावरचा एकदा डोळ्यांत बसला असता, तर हा पुसला गेला असता. मी याला खराब होऊ दिलं नाही, वहिनी. जपून ठेवलाय.

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलत असता, तर वहिनींनी कदाचित दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण हा मनापासून सांगत होता, त्याला त्यात अभिमानही होता. अल्बममधलं एखादं पान दाखवावं तसा तो आपला मित्र दाखवत होता. आणि मग, डोळे पुसून, रुमालाकडे बघत, त्यानं हलक्या आवाजात विचारलं, काय निघालं. डावखुरा होता का.

वहिनींनी रुमालाची गाठ सोडली नाही. उचलून तो कमरेला खोचला.

"भाऊजी, माझ्याकडे लोक जुनी कापडं आणतात. ठेवणीतली. प्लास्टिकमध्ये बांधून कपाटात घातलेली, वर्षानुवर्षं हात न लावलेली. उघडली की घडीघडीवर पिवळे पट्टे. ते डाग मला आजवर काढता आले नाहीत. रोज अंगावर घातलेल्या सदऱ्याचे मी सगळे काढते. तुम्ही म्हणता मित्र जपलात. मित्र माझ्याकडे होता, पलंगावर, मुडपलेला, डागाळलेला, आणि दर रविवारी हात पुसून तुमची वाट बघत होता. त्याचं पान आलं आणि तुम्ही ते उलटलंत. तुमच्या खुर्चीवर मग मी बसले. तुम्ही करून दिलेल्या चष्म्यातून ती नावं मी वाचली, आणि हे हसले, पोट धरून हसले. तुम्हाला सांग म्हणाले. त्यासाठीच आले होते मी आज. पण नाही सांगणार. नवऱ्याचा शेवटचा शब्द मोडतेय, त्याचं काय ते मी बघून घेईन. तुम्हाला बंद पाकीट आवडतं ना? मग तुमच्यापुरतं ते बंदच. आता बसा जपत, जन्मभर. काही खराब व्हायचं नाही त्याचं."