कोमट माती

सेनिये अंगणातल्या चुलीवर कढईत पांढरी माती भाजत होती, तेवढ्यात तिची थोरली जाऊ दुरदाने एस्किशेहिर शहरातल्या इस्पितळातून परतली. फाटकाशी ती धाप टाकत उभी राहिली आणि तिची नजर गेली ती थेट पाळण्याकडे. सेनियेचा नातू, जेमतेम आठवड्याचा, टोपीला नजर लागू नये म्हणून निळा मणी टाचलेला. दुरदानेच्या पोटात भडका उडाला. तिची कूस कधी उजवलीच नव्हती.

बाळाचं सोडा, भिंतींवरूनही ती जळायची. सेनियेचा नवरा गाढवावरून वरच्या खाणीतली शुभ्र माती भिंतींसाठी आणायचा, आणि ईदेला चहाला येणारी बाई न् बाई सेनियेच्याच भिंतींचं कौतुक करायची. मग दुरदाने स्वतः पाठीवर पोती वाहून आणू लागली. कुटून, चाळून, वर्षातून दोनदा घर सारवायची.

पुढे बरगडीखाली कुशीत चमका निघू लागल्या. गावच्या दवाखान्याने क्षय ठरवून महिनोन् महिने गोळ्या चारल्या. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पाठीत सुई घालून छातीतलं पिवळं पाणी काढलं, फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा तपासला आणि विचारलं, भिंतींना काय लावता? त्या मातीत अ‍ॅस्बेस्टसचे बारीक तंतू असतात, त्यांनीच आवरण सुजलंय, असं त्यांनी समजावलं. कर्करोग नाही, पण पाणी पुन्हा भरू शकतं. सहा महिन्यांनी छातीचा फोटो काढायला यायचं, धाप वाढली तर लगेच. भिंती खरवडायच्या नाहीत, वरून रंग द्यायचा, कोरडा झाडू मारायचा नाही. हे ऐकताना दुरदानेच्या मनात पहिलं काय आलं असेल? आता सेनियेच्याही भिंती झाकाव्या लागणार. मेलीला तेवढ्यातही बरं वाटलं होतं.

सेनियेने कोमट माती फडक्यावर पसरायला घेतली. तीत बाळाला गुंडाळलं की ओलं झालं तरी अंग कोरडं राहतं. गावातली सगळी पोरं अशीच वाढलेली.

"सेनिये, ती माती बाळाला लावू नकोस. त्याच मातीने माझी छाती भरलीय. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

सेनियेने मान वर केली नाही. "भिंत तुझ्या डोळ्यांत खुपली, मी कधी बोलले नाही, ताई. आता माझ्या बाळाच्या मातीवर आलीस होय?"

"जळते मी. या घरात आले तेव्हापासून जळते. तुझ्यावर कडी करायची म्हणून तुझ्या दुप्पट माती चाळली, म्हणून आधी मी पडले. तूही दाखवून ये छाती. पण बाळाला नको गं."

"नजर लावायला आलीयेस तू." सेनियेने पाळण्यातून बाळ उचललं आणि फडक्याकडे वळली.

दुरदानेने पुढे होऊन पाण्याची घागर उचलली आणि अर्धी फडक्यावर ओतली, मग उरलेली कढईत. मातीचा चिखल झाला. तेवढ्यानेच तिला खोकल्याची उबळ आली आणि ती कूस दाबून खाली बसली.

"पुन्हा या अंगणात पाऊल टाकू नकोस," सेनिये म्हणाली आणि बाळाला छातीशी धरून आत गेली.

बाळाच्या चाळिसाव्या दिवसाच्या सोहळ्याला अख्ख्या गावाला आमंत्रण होतं, दुरदानेला नव्हतं. तिच्या भिंतींना आता निळा तेलरंग होता, तोही ओघळलेला. कुंपणापलीकडून बायकांचं हसणं आणि बाळाचं रडणं ऐकू येत होतं. तिने टाचा उंचावून पाहिलं. सेनियेच्या दोरीवर जुन्या चादरी फाडून केलेली लंगोटं वाळत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत; मातीने माखलेलं फडकं एकही नव्हतं.

दुरदानेला हायसं वाटलं, आणि पोटात जळायचं ते जळलंच. तिने केरसुणी पाण्यात बुडवली आणि आपलं अंगण झाडायला घेतलं.