पश्चिमेची जाळी

"तुमचं काम चोख आहे, काका. चुकले ते मीच," वल्लरी म्हणाली आणि दयाराम गवंड्याने टेप उगीचच पुन्हा एकदा ओढला. माप मघाचंच होतं. सात फूट रुंद, आठ फूट उंच. ही जाळी त्यानेच बांधली होती. माप त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण टेपकडे बघत राहिलं की माणसांकडे बघावं लागत नाही.

जाळी म्हणजे जांभ्या दगडाच्या तुकड्यांची भिंत, मध्ये मध्ये पंजा जाईल एवढी भोकं. घराच्या पश्चिम अंगाला, थेट समुद्राकडे तोंड करून. चैत्र-वैशाखात तिच्यातून असा वारा आला, की बोर्ली पंचतनहून लोक मुद्दाम घर बघून गेले. आषाढात मात्र त्याच भोकांतून पाऊस आडवा आत शिरला, लाल कोब्याची गुळगुळीत जमीन ओली झाली, आणि सकाळी पूजेची फुलं आणायला निघालेल्या सुचित्रावहिनी, म्हणजे वल्लरीची आई, घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. माणगावला ऑपरेशन झालं. आता त्या जाळीसमोरच्या खोलीत पाठीवर पडून होत्या, आणि पुन्हा काठीवाचून चालता येईल का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नव्हते.

"पश्चिमेला भोकं ठेवून कोण घर बांधतं?" विश्वंभरभाऊ झोपाळ्यावरून म्हणाले. "पाच वर्षं शिकवलं, त्याचं हे फळ."

भाऊ वल्लरीचे वडील. आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं. नारळ-सुपारीची वाडी आणि घर वहिनींनीच सांभाळलं. लेकीने नकाशा समोर धरला तेव्हा भाऊंनी तो चष्मा न लावताच पसंत केला होता. पण ते आता त्यांना कोण सांगणार?

वल्लरीने जाळीच्या भोकात अडकलेलं ओलं पान काढून टाकलं. सहाव्या वर्षी ती शिकायला पुण्याला मामाकडे गेली, ती सुट्टीपुरती गावची राहिली. आर्किटेक्ट झाल्यावरचं हे तिचं पहिलं घर. आईवडिलांसाठी बांधलेलं. दगड तालुक्यातला, चुना भिजवलेला, दारं जुन्या घराची, छपराचं पाणी टाकीत साठवायचं आणि उन्हाळ्यात एसीची गरजच पडू द्यायची नाही. "घराने श्वास घेतला पाहिजे," असं ती म्हणायची. तेव्हा "मॅडम, मंग नाक कुटं बसवायचं?" असं तिच्या माघारी विचारून दयारामने सगळ्या गड्यांना हसवलं होतं.

"बुजवून टाकू या का?" तिने हळूच विचारलं. जे जानेवारीत बोलायला हवं होतं, ते दयारामच्या तोंडून आता निघालं.

"बुजवू नका, मॅडम. झाप लावू."

"झाप?"

"नारळीच्या झावळ्या विनून करत्यात ते. पश्चिमेच्या अंगाला मिरगाच्या आधी लावायचे, दसरा झाला की काढायचे. पाऊस भायेर, वारा आत."

वल्लरी बघतच राहिली. "तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"

तिच्या प्रश्नात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं. तिथेच खरं बोलायची संधी होती. दयाराम म्हणाला, "न्हाय. जुन्या लोकांचं हाय, आता ध्यानात आलं."

तिने पिशवीतून वही काढली आणि लिहिताना मोठ्याने म्हणाली, "पावसाळी झाप. कल्पना, दयारामकाका." मग ओलसर डोळ्यांनी हसली. "मासिकवाले फोटो काढायला येणार होते, त्यांना दसऱ्यानंतर बोलावते. तुमचं नाव छापायला सांगते, काका."

दयारामला वाटलं, त्यापेक्षा हिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

खरी गोष्ट अशी होती. चाळीस वर्षं जांभ्याचा चिरा लावणारा हा माणूस. श्रीवर्धनपर्यंत त्याच्या ओळंब्याला कोणी नाव ठेवलं नव्हतं. या घराची पहिली भिंत कमरेपर्यंत आली, तेव्हा वल्लरी पुण्याहून आली, सांध्यात बोट घालून चुना भुरभुर पाडला आणि आठ गड्यांसमोर म्हणाली, "काका, चिरा भिजवून लावायचा असतो. कोरडा लावला की चुन्याचं पाणी पिऊन टाकतो. हे पाडावं लागेल." दयारामने गुमान भिंत पाडली. गडी एकमेकांकडे बघत होते. त्याच्या मांडीवर खेळलेली पोर त्याला चिरा शिकवत होती. त्या दिवसापर्यंत तो तिला 'बाय' म्हणायचा. त्या दिवसापासून 'मॅडम' म्हणू लागला.

महिनाभराने तिने जाळीचं चित्र त्याच्यासमोर पसरलं. एका नजरेत त्याला कळलं. या किनाऱ्यावर आषाढाचा पाऊस वरून येत नाही, समोरून येतो. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तिने विचारलंही होतं, "काका, काही शंका?"

"तुमी सांगाल तसं, मॅडम," दयाराम म्हणाला होता.

एवढंच. एक वाक्य बोलला असता तर वहिनी आज चालत्या-फिरत्या असत्या. त्या संध्याकाळी घरी येऊन तो बायकोला, कोकिळाला, हसत हसत म्हणाला होता, "आषाढात बघ गंमत." पाय मोडेल असं त्याच्या मनात नव्हतं. चटया भिजतील, मॅडमची जिरेल, एवढंच. पण मनात काय होतं याने हाड सांधत नाही.

झावळ्या वहिनींच्याच वाडीतून आणल्या, दोन दिवस हौदात भिजत घातल्या. तिसऱ्या दिवशी नवराबायको पडवीत विणायला बसली. कोकिळाचे हात भराभर चालत होते, तोंडही.

"तवा भिजवायला काय झालं व्हतं?" ती म्हणाली.

"काय?"

"चिरा. त्या दिवशी टाकीत पानी नव्हतं का?"

दयाराम विणत राहिला. पाणी होतं. टाकी काठोकाठ भरलेली होती. उन्हाचा कंटाळा आला होता, लवकर घरी जायचं होतं, आणि पोरीला काय कळतंय असं वाटलं होतं. म्हणजे पोर बोलली ते बरोबर होतं. हे त्याने सहा-सात महिन्यांत कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

"लोकांच्या लेकीवर राग काढलास, आन् मोडली तिची आई," कोकिळा म्हणाली आणि पुढची झावळी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दयाराम जाळीला झाप बांधायला एकटाच आला. भाऊ वाडीत गेले होते, वल्लरी स्वयंपाकघरात होती. पाऊस जरा थांबला होता. एकेक झाप चढला तसा आतला उजेड कमी होत गेला. चौथ्या झापाला दोरी आवळत असताना खोलीतून हाक आली.

"दयाराम, इकडे ये जरा."

तो दारात जाऊन उभा राहिला. सुचित्रावहिनी पलंगावर होत्या, पायाशी उशी. दोन आठवड्यांत तोंड एवढंसं झालं होतं.

"झाप कोकिळाने विणलेत ना? तिची वीण ओळखू येते," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं."

दयाराम हातातली उरलेली दोरी गुंडाळू लागला.

"मलाही होतं. छत्तीस वर्षं जुन्या घराला मी झाप लावून घेतले. ते बांधायला तूच यायचास. मला कळणार नाही?" वहिनींनी पदराने डोळे टिपले. "पण लेकीचं पहिलं घर. चित्र दाखवताना तिचं तोंड कसं फुललं होतं. वाटलं, माझ्या तोंडून नको निघायला. पावसाळ्याच्या तोंडी 'आडोसा लावू या का' एवढंच विचारलं, तर म्हणाली, 'आई, फोटो होऊन जाऊ देत.' म्हटलं, जाऊ देत. माझी मी भोगतेय, त्याचं काही नाही. मला माया आडवी आली. तुला काय आडवं आलं, दयाराम?"

बाहेर माडावर कावळा ओरडत होता. दयारामला त्या क्षणी स्वतःची अशी लाज वाटली, की पायाखालची जमीन, त्यानेच घोटून गुळगुळीत केलेली जमीन, पोटात घेईल तर बरं असं झालं. चित्र पाहून दोघंही गप्प राहिली होती. पण दोघांची गप्प बसण्याची जात एक नव्हती.

"चिरा भिजवला न्हवता मी, वहिनी," तो म्हणाला. "ती बोल्ली ते खरं व्हतं. चारचौघांत बोल्ली. म्हनून."

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं.

"हे तिला रोज बोलतात," एवढंच त्या म्हणाल्या. "ती जेवतसुद्धा नाही."

तेवढ्यात वल्लरी चहा घेऊन आली. एका हातात कप, काखेत वही. "काका, हे किती दिवस टिकतात? सगळं नीट सांगा. पुढच्या घरांना उपयोगी पडेल." तिने जाळीजवळच्या कट्ट्यावर कप ठेवला आणि बाजूला बसून पेन उघडलं.

दयाराम तिच्यासमोर उभा राहिला. कप त्याने हातात घेतला नाही.

"लिहून घे, बाय," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी तोंडात आलेला तो शब्द त्याला स्वतःलाच परका वाटला. "एक पावसाळा टिकत्यात. दर साली नवे विनायचे. मिरगाच्या आठ दिवस आधी लावायचे." वल्लरी लिहीत होती. "आन् दयारामला हे पयल्या दिवसापासनं ठाऊक व्हतं. तू शंका इचारलीस तवा बी ठाऊक व्हतं. हे बी लिही. भाऊंना मी सांगतो वाडीत जाऊन. माजं नाव खोड तितलं."

पेन थांबलं. वल्लरीने त्याच्याकडे पाहिलं, मग दारातून आत आईकडे पाहिलं. आई डोळे मिटून पडली होती. वल्लरीने वही मिटली आणि आत जाऊन आईच्या पायाशी बसली.

दयारामने राहिलेले दोन झाप बांधले. गाठी पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्या. बाहेर पावसाने पुन्हा जोर धरला होता आणि झापांवर तडतड वाजत होता, पण थेंबही आत येत नव्हता. वाडीत भाऊंकडे जायचं होतं. चहा तसाच गार झाला होता. त्याने कोपऱ्यातलं फडकं घेतलं, वहिनी जिथे पडल्या होत्या तिथे गुडघे टेकून बसला, आणि कोरडी ठणठणीत जमीन पुसत राहिला.