साहेबाच्या होडीचं शिसं

"नदीबाई, वाट दे वो, वाट दे माहेराची..."

वैनगंगेच्या मधोमध होडी डाव्या अंगानं कलली आणि गाणं बायांच्या तोंडातच तुटलं. धानाच्या रोवणीहून परतणाऱ्या नऊ जणी एकमेकींवर कोसळल्या. "माय वो!" सोनीबाई ओरडली.

अंजना ओरडली नाही. होडी कशानं कलली, ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

एकोणीसशे नऊ साली जंगलखात्याच्या एका गोऱ्या साहेबानं नदीवर फिरायला, राहायला ही होडी मुंबईत बांधून घेतली. आत निजायच्या दोन फळ्या, इवलीशी चूल, वर पांढरं शीड. साहेब गेला. मग गावच्या जमीनदाराच्या, मालगुजाराच्या लेकी तीत बसून माहेरी येत. मालगुजारी गेली, तशी ती लटारू ढिवराकडं, अंजनाच्या मासेमार सासऱ्याकडं आली. शीड केव्हाच कुजलेलं. तो वल्ह्यानंच हाकी.

शिडाच्या वाऱ्यात तोल राखायला होडीच्या बुडाला शिशाची जाड पट्टी होती. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात सासऱ्या-सुनेनं ती पहारीनं उचकटली, चुलीवर वितळवली, तिचे मणी जाळ्याच्या काठाला ओवले. नवरा मुखरू तेव्हा बल्लारपूरला कामावर. "बरं झालं, हलकी झाली," म्हातारा म्हणाला होता. वल्ह्यावर काही बिघडलंही नाही.

आता म्हातारा नव्हता, मुखरू परतला होता. आज पाणी चढत होतं, खेपा लवकर व्हाव्यात म्हणून त्यानं तंबूच्या कापडाचं नवं शीड पहिल्यांदा उभारलं.

"वल्ह्यानंच चला ना वो," निघताना अंजना म्हणाली होती.

"भेतं काऊन? बाबा सांगे, हे होडी पलटतच नाई!"

"नवऱ्याची हौस पाहू दे न बाई!" सोनीबाईनं टोमणा मारला. साऱ्या हसल्या. मेलेल्या सासऱ्याची गोष्ट चारचौघींत कशी काढायची? अंजना पदर खोचून होडीत चढली.

वारा पुन्हा आला. पाणी काठावरून आत सांडलं.

"शीड सोडा! बुडाचं शिसं नाई! आम्ही काढलं, जाळ्याले!" आता अंजना ओरडली.

मुखरूचं तोंड राखेसारखं झालं. त्यानं दोर सोडला. "खाली! साऱ्या बुडाशी निजा!"

चिखलाच्या लुगड्यांनिशी नऊ जणी एकमेकींना बिलगून आडव्या झाल्या. फळीपलीकडं, अगदी कानाशी, नदी घासत होती. अंजना ओठांतल्या ओठांत 'वाट दे वो' म्हणत होती. हळूहळू होडी सरळ झाली.

कोसभर खाली काठ लागला. बायांनी चिखलात उड्या टाकल्या. मुखरूनं शीड गुंडाळलं, वल्हं उचललं. पलीकडच्या काठावर पुढच्या खेपेच्या अजून सात जणी उभ्या होत्या.

"उतर," तो तिच्याकडं न पाहता म्हणाला.

अंजनानं होडीचा काठ धरला. "नाई. रिकामी होडी तुम्हाले एकट्याले नाई पेलत."

आणि ती पुन्हा बुडाशी, शिशाच्या जागी, आडवी झाली.