धाब्यावरचा लोखंडी मोर

मी एक जुना लोखंडी मोर आहे, मित्रांनो. मला नाचता येत नाही आणि पाऊस पाहून ओरडताही येत नाही. वारा ज्या दिशेने येतो तिकडे तोंड करून उभं राहणं, एवढं एकच काम मला येतं. तापीकाठच्या प्रकाशा गावात लोटन पाटलांच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, माझा सारा जन्म गेला.

मला घडवलं वाहरू लोहाराने. नांगराच्या मोडक्या फाळाचं त्याने माझं अंग केलं आणि रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून पिसारा. तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि आमच्या भागात आगगाडी नवीनच होती. लोटन पाटील कापूस विकायला सुरतेला गेले, तिथे बंदरावर त्यांनी वारा दाखवणारा पत्र्याचा बाण पाहिला आणि येताना तेच वेड डोक्यात घेऊन आले. त्यांची बायको धनुबाई खाली अंगणात उभी राहून म्हणाली, "दारले कडी नही, आनि धाबावर मोर बसाडी ऱ्हायनात तुम्हीन."

"वारा कथाईन येस, ते माले दिसाले जोयजे," पाटील म्हणाले आणि मला खुंट्यावर बसवून त्यांनी दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं.

या वेडात त्यांना जोडीदार मिळाला रतिलाल वाणी. तो मालासाठी सारखा सुरतेला जायचा. वैशाख तापला की दोघं संध्याकाळी धाब्यावर माझ्याजवळ येऊन बसत. समुद्रात वादळ उठलं की ते चहूबाजूंचा वारा आपल्याकडे ओढून घेतं. आमच्याकडे उन्हाळ्यात वारा मावळतीचा असतो. तो एकाएकी उगवतीकडून येऊ लागला, की समुद्राच्या बाजूला काहीतरी शिजतंय असा त्या दोघांचा अंदाज असे. समुद्र इथून पुष्कळ लांब, पण त्यातलं वादळ कधी कधी तापीच्या खोऱ्याने थेट आमच्यापर्यंत चालत येतं. मला त्या बैठका फार आवडत. माझ्याकडे बघायला रोज कोणीतरी यायचं, आणि मोराला आणखी काय हवं असतं?

या वेडापायी एकदा फार मोठं हसं झालं.

उन्हाळ्यात तापी आटते. मग नथ्थू भोई आणि त्याचे भाऊबंद नदीच्या पात्रात, वाळूतच, टरबुजाच्या आणि काकडीच्या वाड्या करत. झोपड्याही तिथेच. बायका, पोरं, शेळ्या सगळा संसार पावसाळा लागेपर्यंत नदीत. एका वैशाखात मी उगवतीकडे फिरलो. पाटील धावत नदीत गेले आणि म्हणाले, वादळ येतंय, सगळं उपटून वर चला. लोकांनी ऐकलं. झोपड्या मोडल्या, कच्ची टरबुजं तोडली, वेल उपटले. आणि वादळ समुद्रातल्या समुद्रात दुसरीकडेच वळलं. आमच्याकडे ढगाचा ठिपकासुद्धा आला नाही. नथ्थू ओट्यापाशी येऊन शांतपणे म्हणाला, "पाटील, तुमना मोरनी आमना टरबूज खाई टाकात."

गाव हसलं. पाटील त्यानंतर धाब्यावर चढेनासे झाले. रतिलालही दुकानातच बसू लागला. माझ्या खुंट्याला गंज चढला. पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि मी मावळतीकडे तोंड करून अडकलो तो अडकलोच. वारा अंगावर येई आणि मला मान वळवता येत नसे. मित्रांनो, काम हातात असून करता येऊ नये, याच्याइतकं दुःख नाही.

पुढच्या वैशाखात धनुबाई धाब्यावर बिबड्या वाळत घालत होती. ज्वारीच्या त्या पातळ पापड्या तिने धोतरावर पसरल्या आणि कडांवर दगड ठेवले. तरी धोतराचं टोक सारखं उलटत होतं, आणि उलटत होतं मावळतीकडे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी उलट्याच बाजूला तोंड करून बसलेलो. वारा उगवतीचा आहे, हे तिच्या ध्यानात आलं. मग खाली जाऊन दिव्यातलं तेल घेऊन आली, खुंट्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी मला हलवू लागली. मी कुरकुरलो, पुन्हा अडलो, आणि मग सर्रकन फिरलो.

तिने वरूनच हाक मारली. "आयका. मोर फिरी गया. उगवतीकडे तोंड करी बठेल शे."

"ऱ्हाऊ दे," पाटील खालून म्हणाले. "मांगला साले गाव हासनं माले."

"हासू दे. नदीमा धाकला पोरे शेतस."

 पाटील जिना चढून वर आले. खूप दिवसांनी मी त्यांचा चेहरा जवळून पाहिला. ते म्हातारे झाले नव्हते, पण संकोचले होते. मालासाठी सुरतेला गेलेला रतिलाल त्याच दिवशी आगगाडीने परतला आणि दिवस कलायच्या सुमारास त्याची बैलगाडी नदीच्या उतारातून वर आली. गाडी सोडायच्या आधीच तो ओट्यावर आला. "लोटनभाऊ, सुरतना बंदरवर वादळना बावटा चढाई दिधा शे. मी सोता दखीसन ऊनू."

मग दोघं मित्र नदीत उतरले. ते काय बोलले हे मला धनुबाईच्या तोंडून कळलं, कारण ती त्यांच्या मागोमाग गेली होती. नथ्थूने कुडाला हात टेकून त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मांगला साले बी तुम्ही हाईच सांगं."

"हो, सांगं," पाटील म्हणाले. "औंदा टरबूज ऱ्हाऊ दे तथाच. येल उपटू नको, झोपडी मोडू नको. माणसं तेवढा मन्हा खळामा निजाले या. काही नही व्हयनं, त सकाय परत उतरा."

 नथ्थूच्या बायकोने, सिंधुबाईने, तोवर झोळीतलं मूल काढून कडेवर घेतलं होतं. "मी पोरेसले लई चालनी," ती म्हणाली. तिच्या मागे बाकीच्या बायका निघाल्या, म्हातारे निघाले, शेळ्या निघाल्या. मागे राहिला एकटा नथ्थू. कोल्ह्यांपासून वाडी राखायला कोणीतरी हवं, असं त्याचं म्हणणं.

उजाडता उजाडता आभाळ काळं झालं आणि वाऱ्याने मला भिंगरीसारखं फिरवलं. माझा अर्धा पिसारा तुटून कुठे गेला ते कळलं नाही. पाऊस तर वरच्या अंगाला, सातपुड्यात, कधीचा कोसळत होता. मी उंचावर होतो म्हणून मला सगळ्यांच्या आधी दिसलं. तिकडूनच उतरणाऱ्या गोमाई नदीच्या तोंडातून मातकट पाण्याचा लोंढा तापीत शिरला आणि वाळू भराभर दिसेनाशी झाली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण पाटील आणि रतिलाल आधीच दरडीवर उभे राहून नथ्थूला हाका मारत होते.

झोपड्या गेल्या. हिरवी टरबुजं पाण्यावर डोलत निघाली. आणि त्या पाण्यातून, छातीइतक्या पाण्यातून, नथ्थू एक करडू खांद्यावर घेऊन येताना दिसला. पाटलांनी धोतर सोडून त्याचं टोक त्याच्याकडे फेकलं आणि दोघांनी मिळून त्याला वर ओढलं. सिंधुबाईने त्याच्याकडे पाहिलं, करडू खाली उतरवून घेतलं आणि म्हणाली, "पहिले अंग पुसा."  खळ्यात पोरं सगळी होती. कोणी झोपलेलं, कोणी धनुबाईची बिबडी खात बसलेलं.

त्यानंतर गावात माझा मान वाढला. वाहरूने नवा पिसारा बसवला. तेल घालायचं काम मात्र धनुबाईने कोणाला दिलं नाही.

पण मित्रांनो, मला पुराच्या त्या दिवसापेक्षा पुढच्या वर्षीची एक सकाळ जास्त आवडते. त्या वर्षीही मी उगवतीकडे फिरलो. पाटलांनी निरोप धाडला आणि नदीतली माणसं संध्याकाळी खळ्यात आली. सर्वांनी मिळून भाकरी भाजल्या. सकाळी आभाळ निरभ्र होतं. वादळ पुन्हा भलतीकडेच वळलं होतं. पाटील खाली मान घालून ओट्यावर बसले होते. नथ्थू आला, आळस देत म्हणाला, "निवांत झोप लागनी, पाटील. परत बलावज्यात," आणि पोरांना घेऊन हसत नदीत उतरला. टरबुजं जागच्या जागी होती.

आता मी फार झिजलोय. माझी एवढीच विनंती आहे. कोणी तुम्हाला काळजीपोटी सावध केलं आणि संकट आलंच नाही, तर त्याला हसू नका. संकट टळलं म्हणून आनंद माना आणि त्याला सांगा, पुन्हा असंच सांगत जा.